ओल्या फडक्याचा थर्मामीटर

माझ्या नवऱ्याला सगळा बाजार पारा म्हणतो. मीही म्हणते. तोंडावर 'अहो', पाठीमागे पारा. थर्मामीटर तपासणं नि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बेकऱ्यांच्या भट्ट्या, औषधांच्या दुकानांतले फ्रिज, अंडी उबवायच्या पेट्या, जिथे म्हणून काचेची नळी लटकते तिथे हा जातो, आपली नळी तिच्याशेजारी टांगतो आणि दोघींचं जुळतंय का ते बघतो. चाळीस वर्षं हेच केल्यावर खोड लागायची ती लागलीच. माणसाला काही विचारायचंच नाही! चहा गरम आहे का, हे मला विचारणार नाही, कपात नळी बुडवेल. मला ताप आला तर 'कसं वाटतंय' हे शब्द या माणसाच्या तोंडून कधी निघाले नाहीत. "तोंड उघड," एवढंच.

मी स्वतः तीस वर्षं लाँड्री चालवली. इस्त्रीच्या वाफेत उभं राहून राहून मला उन्हाळा वेगळा असा जाणवायचाच नाही. आणि आता बघा, त्याच मला उष्णता म्हणून सोसत नाही. नसांचा आजार आहे. डॉक्टरीणबाईंनी छान समजावून सांगितलं. म्हणाल्या, तारेवरचं प्लास्टिक ठिकठिकाणी झिजलंय, अंग अर्धा अंश जरी तापलं तरी करंट पुढे पोचत नाही. मग माझे पाय गळतात, डोळ्यांपुढे धूर येतो, जीभ जड होते. गार झालं की पुन्हा ठाकठीक. दोन उन्हाळे मी दिवसाढवळ्या घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

आणि अशात ताईचा फोन आला.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सहा-सात तासांच्या रस्त्यावर एकटी राहते, शेजारीण तिचं हवं-नको बघते. कमरेचं हाड मोडल्यापासून ताई अंगणापलीकडे जात नाही. वर आता डोळे. नजरेच्या मधोमध डाग पडलाय आणि तो पसरत चाललाय. कडेकडेचं तेवढं दिसतं, तेही लख्ख उन्हात. घरात कितीही दिवे लावा, उपयोग शून्य. तिचं अंगण दोन उंच भिंतींच्या मधलं, तिथे दुपारी बारा ते दोन ऊन उतरतं. तेवढे दोन तास तिला माणसं दिसतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हेही आता तीन आठवडे, फार तर महिना.

"ठमे," ती म्हणाली, "एकदा येऊन जा ग. तुझं तोंड बघून घेते. मग पडू दे काय अंधार पडायचाय तो."

"फोनवर बघ की."

"फोनमध्ये तू म्हणजे गढूळ पाण्यातलं भांडं दिसतेस. नाक कुठे नि कान कुठे, काही पत्ता लागत नाही."

मी हसले, फोन ठेवला आणि मग ढसाढसा रडले. तिला मी दिसायला हवी असेन तर भर दुपारी, उन्हात दिसायला हवी. आणि ऊन म्हणजे माझा काळ. आई गेल्यावर ज्या बहिणीने माझ्या वेण्या घातल्या, तिला शेवटचं दिसायचं आणि तेवढंच नेमकं मला जमणार नाही, म्हणजे काय म्हणावं याला!

पारा दारात उभा राहून ऐकत होता. "किती वाजता ऊन येतं म्हणालीस?" त्याने विचारलं.

त्याचा विचार चालू झाला की तो असाच आकड्यांनी चालू होतो. रात्री निघायची सोय नव्हती, कारण अंधारात समोरच्या गाडीचे दिवे त्याच्या डोळ्यांत फुटतात, उजाडल्याशिवाय तो गाडी चालवत नाही. म्हणजे सकाळी निघायचं नि शेवटचे दोन-तीन तास तापलेल्या रस्त्यावर काढायचे. एसी गाडी भाड्याने घ्या, असं शेजारीपाजारी सगळ्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तेच तर केलं होतं! अर्ध्या रस्त्यात एसीने मान टाकली, मागच्या काचा बटणाच्या, त्याही अडकल्या आणि मी तीन दिवस इस्पितळात. तेव्हापासून दुसऱ्याच्या यंत्रावर पाऱ्याचा काडीचा विश्वास नाही.

"आपल्या व्हॅनने जाऊ," तो म्हणाला.

आमची व्हॅन म्हणजे बावीस वर्षांचा डबा. त्यात एसी नाही, पंखा नाही, होतं ते काचेचं सामान न्यायला मागे एक लांब बाक. त्याच बाकावर मी आडवी होणार असं ठरलं.

मग काय विचारता! दुसऱ्याच दिवशी व्हॅनमध्ये अकरा थर्मामीटर लटकले. छताखाली तीन, बाकाशी दोन, दारांना दोन, पुढच्या सीटवर, पायांशी, खिडकीच्या आत आणि बाहेर. हातात वही. आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. दोन वर्षं घरात बसून भिंती मोजलेल्या बाईला कुठलाही उद्योग गोड लागतो. मी गॅलरीत सावलीत बसायची, तो खाली अंगणातून आकडे ओरडायचा आणि मी लिहून घ्यायची.

पहिल्या दिवशी कळलं की गाडी तापते ती छतावरून. त्याने छताला पांढरा रंग दिला, पाच अंश उतरले. त्यावर चार लाकडी ठोकळे ठेवून वेताची चटई बांधली, मधून वारा खेळायला चार बोटं फट ठेवली, आणखी चार उतरले. चटईने खुद्द छताला टेकायचं नाही, हे त्याला तीन चटया वाया घालवून कळलं. दुसरी पायरी, पुढची काच. तिच्यामागे चंदेरी कागद चिकटवलेला मोठा पुठ्ठा लावायचा, गाडी उभी असताना. तिसरी, बाकावरचं रेक्झिन. ते मीच फाडायला लावलं. रेक्झिनवर पाठ भाजते, हे सांगायला थर्मामीटर कशाला हवा? त्या जागी सुतळीची जाळी विणून घेतली, खालून वारा लागावा म्हणून.

खिडक्यांचं तर मला अजून नवल वाटतं. मी म्हणत होते, चारही उघडा. त्याने उदबत्ती लावून गाडी चालवली नि मला धूर बघायला बसवलं, संध्याकाळी, ऊन गेल्यावर. चारही उघड्या असल्या की धूर आपला जागच्या जागी घुटमळतो. पुढची डावी आणि मागची उजवी, एवढ्याच उघड्या ठेवल्या की धूर माझ्या अंगावरून सरळ निघून जातो. "बघ, बघ!" असं तो इतक्या आनंदाने ओरडला की समोरच्या सायकलवाल्याने घाबरून ब्रेक मारला.

मग आठव्या दिवशी त्याला शेवटची युक्ती सुचली आणि तिथेच घोळ झाला.

त्याने सगळ्या खिडक्यांवर ओले टॉवेल टांगले, काचा लावून घेतल्या, बाकाखाली बर्फाचे दोन डबे ठेवले. बाहेर एक्केचाळीस. आत थोड्या वेळात एकोणतीस! आतले दहाच्या दहा थर्मामीटर एका सुरात एकोणतीस सांगत होते. पारा अगदी हरखून गेला. "आता तू बस," म्हणाला. मी हळूच येऊन बाकावर पडले, त्याने दार ओढलं आणि गाडी अंगणात गोल गोल फिरवायला लागला.

पाचव्या मिनिटाला माझी बोटं बधिर झाली. सातव्याला मी म्हटलं, "अहो, मला बरं वाटत नाहीये."

"कसं शक्य आहे? एकोणतीस आहे."

"असू दे. माझे पाय गेले."

"अठ्ठावीस झालं बघ आता," तो आरशातून थर्मामीटरकडे बघत म्हणाला. माझ्याकडे नाही, थर्मामीटरकडे!

त्यानंतर माझी जीभच वळेना, तेव्हा कुठे त्याने मागे वळून पाहिलं. मला उचलून घरात नेईपर्यंत त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता. ओल्या चादरीत, पंख्याखाली, तासाभराने मी माणसात आले. तो पायाशी बसून एकेक थर्मामीटर तपासत होता. सगळे बरोबर होते. तेच त्याला सहन होत नव्हतं. एखादा जरी चुकीचा निघाला असता तरी बिचाऱ्याला बरं वाटलं असतं.

"राहू दे आता," तो म्हणाला. "ताईंना फोन कर. नाही जमत म्हणून सांग."

माझं डोकं अजून जड होतं, पण त्या गाडीचा वास माझ्या नाकातून जात नव्हता. ओळखीचा वास. तीस वर्षं हुंगलेला. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत धुतलेले कपडे टांगले की येतो तो. तिथे कपडे वाळत नाहीत. कितीही वेळ टांगा, ओले ते ओलेच. आणि इस्त्रीपाशी मी ज्या दिवशी घामाने निथळायची तो दिवस सगळ्यांत गरम असायचा असं नाही, कपडे न वाळण्याचा असायचा.

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या थर्मामीटरला घाम येतो का?"

"काय?"

"मला येतो. तो वाळला तर मी गार होते. तुमच्या त्या डब्यात माझा घाम वाळायला जागाच नव्हती, सगळी हवा टॉवेल पिऊन बसली होती. तुमचा थर्मामीटर कोरडा ठणठणीत, त्याला काय कळणार? एकाला ओलं फडकं गुंडाळा. मग सांगू दे."

त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग उठला, माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा फाडला, भिजवून एका नळीच्या बुडाला दोऱ्याने बांधला आणि व्हॅनमध्ये गेला. डबा बंद असताना कोरडा म्हणे एकोणतीस, ओला म्हणे अठ्ठावीस. म्हणजे तिथे काही वाळतच नव्हतं. मग टॉवेल काढले, त्या दोन खिडक्या उघडल्या, गाडी चालवली. कोरडा चढून सदतीसवर गेला आणि ओला उतरून तेवीसवर आला!

"तेवीस!" तो खालून ओरडला. "बाई ग, तू आहेस तेवीस!"

इतकी वर्षं ओल्या फडक्याचा थर्मामीटर गोदामांत बघितलाय म्हणाला, पण तो धान्यासाठी असतो, माणसाला लावायचं कधी डोक्यात आलं नाही. मी म्हटलं, येईल कसं, माणसाला विचारायची सवय नाही ना.

तर असं ठरलं. मला मलमलमध्ये डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळायचं, पाण्याचा डबा नि तांब्या माझ्या हाताशी ठेवायचा, दर दहा मिनिटांनी मी स्वतःला भिजवायचं आणि त्याने गाडी थांबवायची नाही. वारा आहे तोवर मी आहे. अकरांपैकी दहा थर्मामीटर घरी राहिले. एकच, फडकं बांधलेला, माझ्या बाकाशी टांगला.

सहाला निघालो. रस्ता मी दोन वर्षांनी बघत होते. ओल्या कापडाच्या फटीतून मी पाट्या वाचत होते, झाडं मोजत होते, एका माणसाच्या मोटारसायकलवर मागे बांधलेलं कपाट बघून इतकी हसले की पारा दचकला. दहा वाजता ओला थर्मामीटर बावीसवर होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चकाकत होतं आणि मला हुडहुडी भरल्यासारखं वाटत होतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, हा उद्योग विकायला काढू या.

साडेबाराला, ताईच्या गावाच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. लाल झेंडी. समोर तीस-चाळीस गाड्या. आम्ही थांबलो आणि वारा थांबला.

पाच मिनिटांत थर्मामीटर चोवीस, मग सव्वीस. पारा खाली उतरून झेंडीवाल्याकडे धावला. परत आला तो घामाघूम. "पाऊण तास म्हणतोय. क्रेन आडवी आहे. मागे वळवतो गाडी, वळवली की वारा लागेल."

"मागे वळलो तर दोनच्या आत पोचू का?"

त्याने घड्याळ पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"मग वळायचं नाही."

"सत्तावीस होतंय ग!" तो जवळजवळ ओरडलाच. "पुन्हा त्या दिवसासारखं झालं तर मी काय करू इथे?"

मला भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. पण ताई बारा वाजल्यापासून उन्हात खुर्ची टाकून बसलेली असणार, हे मला माहीत होतं.

"वारा गाडीने दिला काय नि कुणी दिला काय, माझ्या घामाला कळतंय होय?" मी म्हटलं.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग पुढच्या काचेसाठी आणलेला तो चंदेरी पुठ्ठा सीटमागून ओढून काढला, गुडघ्यावर ठेवून मधोमध फाडला, बाकाशेजारी गुडघे टेकून बसला आणि मला वारा घालायला लागला. दोन्ही हातांनी, कपडे आपटावेत तसा. दहा मिनिटांनी मला भिजवायचा, पुन्हा पुठ्ठा. बाजूच्या ट्रकमधला ड्रायव्हर वाकून बघायला लागला. "काय झालंय हो मावशींना?" त्याने विचारलं. "काही नाही, वाळत घातलंय," मी आतून म्हटलं. तो ड्रायव्हर खाली उतरला आणि उघड्या दारावर आपली ताडपत्री धरून सावली करून उभा राहिला. थर्मामीटर चोवीसवर आला. पन्नास मिनिटं पाऱ्याने एक क्षण हात थांबवले नाहीत. अकरा थर्मामीटर, तीन चटया, आठ दिवस, आणि शेवटी कामाला आला तो पुठ्ठा.

ताईच्या दारात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. अंगणातलं ऊन एका भिंतीपाशी सरकलं होतं. त्या उरलेल्या पट्ट्यात खुर्ची ओढून ताई बसली होती, चेहरा लालबुंद. शेजारीण म्हणाली, मघापासून तीनदा आत चला म्हटलं, ऐकत नाहीत.

पाऱ्याने व्हॅन सावलीत घेतली आणि दार सरकवलं. शेजारणीचा हात धरून ताई आली. दाराशी चाचपडली.

"कुठे आहेस ग? इथे तर नुसता काळोख आहे."

"इथेच आहे," मी म्हटलं आणि तिचा हात धरला. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. ओलं फडकं, नाक, फडकं.

"चाचपून काय करू?" ती म्हणाली. "चाचपायला मला सगळा जन्म पडलाय. मला बघायचंय तुला."

पारा तिला म्हणाला, "ताई, उन्हात नाही नेता येणार तिला. वाराही नाही इथे. हिला..." भिंतीजवळचा पट्टा दोन हात रुंद उरला होता. बोलता बोलता अरुंद होत होता.

मी पाय खाली सोडले. पाऱ्याने मला धरलं. सात पावलं. जमीन पायांना लागत होती, अजून लागत होती. भिंतीला पाठ लावून मी उभी राहिले आणि तोंडावरचं फडकं स्वतःच काढलं. ऊन थोबाडीत मारावं तसं लागलं.

ताई समोर उभी राहिली आणि तिने मान फिरवली. थेट शेजारच्या घराकडे. क्षणभर मला कळेचना, इतकं करून ही बघतेय कुठे? मग समजलं. समोर डाग आहे. माझ्याकडे बघायचं तर तिला माझ्यावरून नजर काढावी लागत होती. ती त्या भिंतीकडे टक लावून मला बघत होती.

"हनुवटीवरची खूण आहे अजून," ती म्हणाली. "मी पाटी फेकलेली."

"जाईल कुठे?"

"केस अगदीच पांढरे केलेस ग ठमे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भिंतीकडे बघत. "आईसारखी दिसायला लागलीस. हस बघू."

मी हसले. माझे गुडघे जात होते. दोन्ही पायांतून ते वर चढत होतं, कडेने धूर यायला लागला होता. पारा माझ्या अगदी शेजारी, एक हात माझ्या कमरेत, दुसऱ्यात तो फाटका पुठ्ठा, हलतोय. थर्मामीटर व्हॅनमध्ये राहिला होता. तो आणायला गेला नाही. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कसं वाटतंय तुला?" त्याने विचारलं.

"एक मिनिट थांबा," मी म्हटलं. "तिचं बघून होऊ दे."

तो थांबला. पुठ्ठा तेवढा जोराने हलायला लागला.